छाव्याच्या तोंडातली बाटली

दक्षिण आफ्रिकेतल्या अनेक खासगी सिंह-केंद्रांमध्ये छाव्यांना बाटलीने दूध पाजायला परदेशातून तरुण मुलं-मुली येतात. दोन आठवडे, महिनाभर राहतात. राहण्या-जेवणाचे आणि ‘प्रकल्पाला मदत’ म्हणून वर आणखी पैसे भरतात. पहाटे उठून दूध कालवायचं, पिंजरे झाडायचे, मांसाचे तुकडे करायचे, दिवसभर येणाऱ्या पाहुण्यांना छावे दाखवायचे ही कामं ती मन लावून करतात, आणि निघताना त्यांचे डोळे भरून येतात. त्यांच्या हेतूबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. शंका आहे ती त्या कामाबद्दल. आफ्रिकेत वन्यप्राण्यांसाठी स्वयंसेवा करायला निघालेल्या माणसाने माझ्या मते सगळ्यात आधी एक गोष्ट तपासावी. प्राण्याला मदतीची गरज आधी पडली आणि म्हणून माणसं बोलावली गेली, की पैसे भरणारी माणसं येतात म्हणून ती गरज मुद्दाम तयार केली जाते? बाकीचे सगळे प्रश्न, म्हणजे काम किती कष्टाचं, केंद्र किती स्वच्छ, तिथली माणसं किती प्रेमळ, हे यानंतरचे. आफ्रिकेत दोन्ही प्रकारची ठिकाणं आहेत, कधीकधी एकाच देशात, एका दिवसाच्या प्रवासाच्या अंतरावर. त्यामुळे ही कसोटी लावून पाहायला पुरावा भरपूर आहे.

सुरुवात सिंहापासूनच करू. सिंहिणीचा गर्भकाळ साधारण साडेतीन महिन्यांचा. मोकळ्या रानात ती कळपापासून बाजूला होऊन पिलं देते, काही आठवड्यांनी त्यांना कळपात आणते, आणि पुढे जवळजवळ दोन वर्षं ती पिलं आईच्या आणि कळपातल्या मावश्यांच्या आधाराने वाढतात. एकीची पिलं दुसरीही पाजते. पिलं हाताशी आहेत तोवर सिंहीण सहसा माजावर येत नाही, त्यामुळे दोन वेतांमध्ये सुमारे दोन वर्षांचं अंतर पडतं. पिलं मेली किंवा हिरावली गेली, तर मात्र ती लवकरच पुन्हा माजावर येते. पैदास करणाऱ्यांचं गणित या निसर्गनियमावर उभं आहे. जन्मल्यावर काही दिवसांतच छावे उचलले, की तीच सिंहीण वर्षाला दोन वेतं देऊ शकते. उचललेल्या छाव्यांना पाजायला मग हात लागतात, आणि ते हात पगारावर ठेवावे लागत नाहीत, कारण ते स्वतःच पैसे भरून येतात. आईने पिलं टाकली, तिला दूध नव्हतं, असं येणाऱ्यांना सांगितलं जातं. एखाद्या वेळी ते खरंही असतं. पण बाराही महिने, प्रत्येक नव्या तुकडीला पुरतील इतके अनाथ छावे एकाच ठिकाणी असतील, तर त्यांना अनाथ कोणी केलं हे विचारायलाच हवं.

आणि छावा कायम छावा राहत नाही. काही महिन्यांत तो मांडीवर मावेनासा होतो. मग त्याला पाहुण्यांबरोबर फिरायला नेतात. ‘सिंहासोबत पदभ्रमण’ या नावाने तेही विकलं जातं. दीड-दोन वर्षांचा झाला की तो माणसाजवळ ठेवण्यासारखा उरत नाही. तेव्हा माद्यांचा उपयोग पुढच्या पैदाशीसाठी होतो, आणि आयाळ भरलेल्या नरांपैकी अनेक जण कुंपण घातलेल्या जागेत, पैसे भरून आलेल्या शिकाऱ्याच्या बंदुकीपुढे सोडले जातात. माणसाची भीती त्यांना बाटलीबरोबरच सोडवलेली असते, त्यामुळे ते पळतही नाहीत. शेवटी उरतात ती हाडं. ती आग्नेय आशियात जातात, जिथे वाघाच्या हाडांच्या जागी सिंहाची हाडं खपतात. २०१७ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने ८०० सांगाड्यांच्या निर्यातीला परवानगी दिली होती. २०१७ आणि २०१८ चे हे निर्यात-कोटे प्रिटोरियाच्या उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये बेकायदेशीर ठरवले, कारण ते ठरवताना प्राण्यांच्या हालांचा विचारच केला गेला नव्हता. इथे आपला संबंध थेट येतो. मध्य भारतातल्या जंगलांत चोरून मारलेल्या वाघांच्या हाडांना जी बाजारपेठ ओढून घेते, तिलाच ही सिंहाची हाडं पोसतात. कायदेशीर हाडं बाजारात असली की चोरीची हाडं त्यांच्या आडून खपवणं सोपं होतं. केपटाऊनजवळच्या एखाद्या केंद्रात छाव्याला पाजणाऱ्या मुलीला चंद्रपूरच्या वाघाशी आपलं काही नातं आहे असं वाटणार नाही, पण ते आहे.

हे सगळं गुपित राहिलेलं नाही. ब्रिटनमधल्या ‘द कुक रिपोर्ट’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमाने १९९७ मध्ये कुंपणातली शिकार लोकांपुढे आणली. २०१५ मध्ये आलेल्या ‘ब्लड लायन्स’ या माहितीपटाने पैदास, छाव्यांना कुरवाळणं, शिकार आणि हाडं ही साखळी सलग दाखवली. दक्षिण आफ्रिकेच्या तत्कालीन पर्यावरणमंत्री बार्बरा क्रीसी यांनी नेमलेल्या उच्चस्तरीय समितीने मे २०२१ मध्ये अहवाल दिला. सिंहांची बंदिस्त पैदास आणि त्यांचा व्यापारी वापर थांबवावा, या धंद्यामुळे रानातल्या सिंहांच्या संरक्षणाला काही मिळत नाही आणि देशाच्या नावाला मात्र बट्टा लागतो, असा त्याचा निष्कर्ष होता. आकडे पाहिले तर हे आणखी स्पष्ट होतं. या देशात कुंपणाआड पैदास केलेले सिंह आठ हजारांच्या आसपास आहेत, काही अंदाज त्याहून बरेच मोठे आहेत. रानात आणि अभयारण्यांत राहणारे त्याच्या निम्मेही नाहीत. संपूर्ण आफ्रिकेत मोकळे सिंह वीस ते पंचवीस हजार उरलेत आणि ते घटत आहेत. म्हणजे एका देशात सिंह वाढत असताना खंडात सिंह कमी होत गेला, आणि या वाढीचा त्या घटीवर काहीच उपाय झाला नाही.

यावर नेहमी येणारा आक्षेप असा, की आज ना उद्या हे सिंह रानात सोडता येतील. रवांडाच्या अकागेरा राष्ट्रीय उद्यानात सिंह परत आणले गेले ते कसे, हे पाहिलं तर याचं उत्तर मिळतं. १९९४ च्या वंशसंहारानंतर परतलेल्या विस्थापितांच्या गुराख्यांनी आपली जनावरं वाचवण्यासाठी तिथले सिंह विष घालून मारले होते. २०१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून सात सिंह तिथे नेले. ते आईजवळ वाढलेले, शिकार जाणणारे, माणसापासून लांब राहणारे होते. पैदास केंद्रातला त्यांत एकही नव्हता. आज त्यांची संख्या चाळिशीच्या पुढे गेली आहे. गरज पडली तेव्हा रानातला सिंहच कामाला आला. मग एल्सा ही सिंहीण आठवते. जॉय अ‍ॅडमसन यांचं ‘बॉर्न फ्री’ १९६० मध्ये प्रसिद्ध झालं आणि हाताने वाढवलेली सिंहीण रानात सोडता येते ही कल्पना जगभर रुजली. एल्सा खरोखर स्वतंत्र जगली, तिला पिलंही झाली. पण ती खरी अनाथ होती, तिच्यासाठी दोन माणसांनी आपलं आयुष्य वाहिलं, आणि तरीही ती १९६१ मध्ये, पाच वर्षांचीच असताना गोचिडांमुळे होणाऱ्या आजाराने गेली. पुढे जॉय यांचे पती जॉर्ज अ‍ॅडमसन यांनी केनियात कोरा इथे जे सिंह मोकळे करायचा प्रयत्न केला, त्यांतल्या ‘बॉय’ नावाच्या सिंहाने १९७१ मध्ये तळावरच्या एका कामगाराला मारलं आणि जॉर्ज यांना स्वतःच्या हाताने त्याला गोळी घालावी लागली. माणसाला न भिणारा सिंह माणसांच्या जगात सोडण्यातला धोका आयुष्यभर सिंहांबरोबर राहिलेल्या माणसालाही टाळता आला नाही. दोन आठवड्यांच्या पाहुण्यांच्या हातून वाढलेल्या छाव्याचं काय होणार?

आता दक्षिण आफ्रिकेतलंच दुसरं काम पाहू. २३ जून २००० रोजी ‘ट्रेझर’ नावाचं मालवाहू जहाज केपटाऊनजवळ बुडालं आणि त्यातलं सुमारे तेराशे टन तेल समुद्रात पसरलं. रॉबेन आणि डॅसन ही दोन बेटं त्या तेलाच्या वाटेत होती, आणि आफ्रिकी पेंग्विनांची जगातली मोठी वस्ती तिथेच होती. सुमारे एकोणीस हजार पेंग्विन तेलाने माखले. आणखी साडेएकोणीस हजार स्वच्छ पक्षी पकडून शेकडो किलोमीटर दूर पोर्ट एलिझाबेथजवळ सोडले गेले, म्हणजे ते पोहत परत येईतो बेटांभोवतीचं तेल उपसता येईल. १९६८ पासून समुद्रपक्ष्यांवर उपचार करणाऱ्या ‘सॅनकॉब’ या संस्थेची जागा इतक्या पक्ष्यांना पुरणं शक्यच नव्हतं. रेल्वेचं एक जुनं कोठार रिकामं करून तिथे कोंडवाडे उभारले. या कामाला हजारो माणसं लागली आणि हजारो माणसं आली. प्रत्येक पक्ष्याला धरायचं, नळीने पाणी द्यायचं, चोच उघडून मासा घशात सारायचा, तेल विरघळवणारं द्रव्य चोळायचं, गरम पाण्याने पुन्हा पुन्हा धुवायचं, आणि पिसांचा जलरोधकपणा परत येईपर्यंत रोज पोहायला सोडून रोज तपासायचं. माखलेल्यांपैकी दहात नऊ पक्षी जगले आणि समुद्रात परतले. इथे गरज आधी आली आणि माणसं नंतर. कोणी पेंग्विनाला कुरवाळायला आलं नव्हतं. खरं तर पेंग्विन चावतो, फार जोरात चावतो, आणि त्याची घाण कपड्यांतून जाता जात नाही.

हे काम आजही रोज चालतं, लहान प्रमाणात. आजारी, जखमी, उपाशी पक्षी येतात. स्वयंसेवकांना आधी शिकवलं जातं, आठ-पंधरा दिवसांच्या हौशीने येणाऱ्यांना उपयोग नसतो म्हणून काही आठवड्यांची अट असते. जाड हातमोजे, रबरी बूट, मेणकापडी अंगरखे घालून दिवसाचा मोठा भाग जातो तो चटया घासण्यात, तलाव धुण्यात, मासे मोजण्यात आणि नोंदी ठेवण्यात. पक्ष्याशी बोलू नये, त्याला माणसाची सवय लागू देऊ नये, असा नियम असतो, कारण तो सोडायचा आहे. मला या केंद्रांमधली हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते: तिथे यशस्वी काम म्हणजे पक्षी निघून जाणं. सिंहाच्या केंद्रातून प्राणी रानात कधीच जात नाही, आणि दुसरीकडे गेला तर कुठे गेला हे सांगायला कोणी तयार नसतं.

तरीही या चांगल्या कामाची मर्यादा सांगितली पाहिजे. २००० साली इतके पेंग्विन वाचले, आणि त्यानंतरच्या पंचवीस वर्षांत त्यांची संख्या घसरतच गेली. आज विणीच्या जोड्या दहा हजारांपेक्षा कमी आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये ही जात ‘अतिसंकटग्रस्त’ ठरली. कारण तेल नव्हतं. तारली आणि मांदेलीच्या जातीचे जे छोटे मासे पेंग्विन खातो, तेच मोठ्या जाळ्यांनी त्यांच्या बेटांभोवती पकडले जातात. चटया घासून मासे परत येत नाहीत. ‘सॅनकॉब’ आणि ‘बर्डलाइफ साउथ आफ्रिका’ या संस्था म्हणून न्यायालयात गेल्या, आणि मार्च २०२५ मध्ये सहा महत्त्वाच्या वस्त्यांभोवती मासेमारीला दहा वर्षांसाठी बंदी घालणारा आदेश मिळाला. तेव्हा स्वयंसेवेचा मान राखूनही हे मानावं लागतं की ती जखमेवर चालते, कारणावर फार क्वचित. कारण बदलतं ते कायद्याने, वर्षानुवर्षं गोळा केलेल्या मोजणीने आणि पगारावर टिकून राहणाऱ्या स्थानिक माणसांमुळे. ज्या संस्थेला हे कळतं ती स्वयंसेवकालाही खरं काय ते सांगते.

हत्तींच्या बाबतीत तर माणसाच्या येण्या-जाण्यानेच जीव जाऊ शकतो. केनियात डॅफ्नी शेल्ड्रिक यांनी अनाथ हत्तींच्या पिलांना पाजायचं दूध कसं असावं हे शोधण्यात दोन दशकांहून अधिक काळ घालवला. ‘आयशा’ नावाचं पिलू त्यांनी एकटीने, रात्रंदिवस सांभाळून सहा महिन्यांपर्यंत जगवलं होतं. मुलीच्या लग्नासाठी त्यांना काही दिवस बाहेर जावं लागलं, आणि आयशाने खाणं-पिणं सोडलं. त्या परत आल्या तेव्हा ती वाचण्यापलीकडे गेली होती. यातून त्यांच्या संस्थेने जो धडा घेतला तो आजही नैरोबीच्या संगोपन केंद्रात पाळला जातो. तिथे पिलांना सांभाळणारे केनियन पुरुष आहेत, पगारी, वर्षानुवर्षं तेच काम करणारे. दर तीन तासांनी दूध, रात्री पिलाशेजारीच झोप, आणि कोणत्याही पिलाने एकाच माणसावर जीव लावू नये म्हणून रोज पाळी बदलणं. परदेशी स्वयंसेवकांना हे काम दिलं जात नाही. लोकांना पाहायला रोज एक तास ठरलेला आहे. काही वर्षांनी ती पिलं त्सावोच्या रानात मोकळ्या कळपांत मिसळतात. आपण लळा लावून निघून जातो तेव्हा मागे राहणाऱ्या प्राण्याचं काय होतं, याचं इतकं स्पष्ट उत्तर असताना दर पंधरवड्याला नव्या माणसाच्या मांडीवर अनाथ पिलू ठेवणाऱ्या केंद्राला माया कळते असं मी मानू शकत नाही.

पैशाचा मुद्दा सगळ्यात जड आहे आणि तो टाळता येत नाही. संरक्षणाला पैसा लागतो. स्पर्शाचं आमिष नसेल तर तो येणार कुठून, असं विचारतात. रवांडाने याचं उत्तर दिलं आहे. तिथे डोंगरी गोरिला पाहण्याचा परवाना २०१७ पासून माणशी १,५०० डॉलर आहे. त्यात मिळतो एक तास, आठ माणसांचा गट, तोंडावर मुखपट्टी आणि दहा मीटरांचं अंतर. पंधरा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही, सर्दी-खोकला असेल त्याला परत पाठवतात. हे अंतर लहरीने ठरलेलं नाही. आयव्हरी कोस्टच्या ताई जंगलात माणसांच्या श्वसनाच्या विषाणूंनी चिंपांझी मेल्याचं संशोधकांनी २००८ मध्ये सिद्ध केलं, आणि ते विषाणू तिथे नेणारी माणसं त्या चिंपांझींवर जीव असलेलीच होती. उद्यानांच्या उत्पन्नाचा दहा टक्के वाटा रवांडा सरकार आजूबाजूच्या गावांना देतं. १९८१ च्या गणनेत विरुंगाच्या डोंगरांत अडीचशेच्या आसपास गोरिला होते; आज विरुंगा आणि युगांडातलं ब्विंडी मिळून हजाराच्या वर आहेत, आणि माणसाखेरीजच्या महाकपींमध्ये संख्या वाढत असलेले हेच. हात न लावता, लांब उभं राहून, जास्त पैसे देऊन गेलेल्या पाहुण्याने या प्राण्याला जे दिलं ते छाव्याला कुरवाळणाऱ्याने सिंहाला दिलं नाही. हा मार्गही निर्धोक नाही, हे खरं. २०२० मध्ये विमानं थांबली तेव्हा आफ्रिकेतल्या अनेक अभयारण्यांचा पगाराचा पैसाच आटला. पण पाहुण्यांवर विसंबण्याचा हा धोका दोन्हीकडे सारखाच आहे. त्यावरून स्पर्शाची बाजू वरचढ ठरत नाही.

मग ज्याला खरंच अंगमेहनत करायची आहे त्याने काय करावं? नामिबियाच्या दामारालँडमध्ये याचं एक उत्तर आहे, आणि मला ते फार पटतं. तिथल्या वाळवंटी हत्तींना पाण्यासाठी मैलोन्‌मैल फिरावं लागतं. शेतकऱ्यांच्या टाक्या, पवनचक्क्या आणि पाइप ते फोडतात, कारण मोठा हत्ती एका वेळी शंभर लिटरच्या वर पाणी पितो आणि तहानलेल्या हत्तीपुढे पत्र्याची टाकी टिकत नाही. एका रात्रीत गावाचं पाणी जातं, आणि मग हत्तीला मारण्याची मागणी होते. तिथे काम करणारी ‘एहरा’ ही संस्था स्वयंसेवकांकडून एक आठवडा दगड, वाळू, सिमेंट वाहून टाकीभोवती भिंत बांधून घेते, आणि दुसऱ्या आठवड्यात त्यांना हत्तींच्या मागावर, नोंदी करायला नेते. पहिल्या आठवड्यात कदाचित हत्ती दिसतही नाही. पाठ मोडते, हाताला फोड येतात. पण भिंत उभी राहते आणि स्वयंसेवक गेल्यावरही पुढची कितीतरी वर्षं हत्ती आणि शेतकरी यांच्यामध्ये उभी राहते. स्वयंसेवकाने भरलेल्या पैशांत सिमेंट येतं. पण कोणतंही काम निवडताना हेही लक्षात घ्यावं लागतं की दक्षिण आफ्रिकेत नोकरी शोधणाऱ्या दर तिघांत एकाला ती मिळत नाही. पिंजरा झाडायला पैसे भरणारा परदेशी माणूस मिळाला की त्या गावातल्या माणसाला मजुरी देण्याचं कारण उरत नाही. त्यामुळे, हे काम मी केलं नाही तर कोण करेल आणि त्याला पगार मिळेल का, हा प्रश्न प्राण्याच्या हिताइतकाच महत्त्वाचा मानला पाहिजे.

सिंहांच्या बाबतीत तर खरं काम ज्यांनी केलं ती माणसं तिथलीच आहेत. केनियाच्या अंबोसेली भागात ‘लायन गार्डियन्स’ हा उपक्रम २००७ मध्ये सुरू झाला. मासाई तरुणांमध्ये सिंह मारणं हे शौर्याचं लक्षण होतं, आणि गुरं मारणाऱ्या सिंहाचा सूड घेणं हे कर्तव्य. त्याच तरुणांना पगारावर सिंहांचा माग काढायला, हरवलेली गुरं शोधायला, गोठ्यांची काटेरी कुंपणं बळकट करायला आणि सूडाला निघालेल्यांची समजूत घालायला नेमलं गेलं. सिंह कुठे असेल हे त्यांच्याइतकं कोणाला कळणार? समबुरू भागात शिवानी भल्ला यांनी ‘एवासो लायन्स’ ही संस्था त्याच वर्षी उभी केली. त्या भारतीय वंशाच्या, कित्येक पिढ्यांच्या केनियन. त्यांच्याकडेही समबुरू योद्धे आणि स्त्रियाच हे काम करतात. तिथे बाहेरच्या माणसाला छावा हातात घ्यायला मिळणार नाही. पण सिंह जगतो तो तिथे.

आणखी एक आक्षेप मला जास्त प्रामाणिक वाटतो: जवळून पाहिल्याशिवाय, हात लावल्याशिवाय माणसाला प्रेम वाटत नाही, आणि प्रेम वाटल्याशिवाय तो पुढे काही करत नाही. यात थोडं तथ्य आहे. सिंहांच्या धंद्याविरुद्ध उघडपणे बोलणाऱ्यांत, आधी तिथेच छाव्यांना पाजलेले माजी स्वयंसेवकही आहेत. पण त्यांना जाग आली ती फसवले गेल्याचं कळल्यावर. स्पर्शाने त्यांना जे शिकवलं होतं ते तर चूक होतं. सिंह ही मांडीवर घ्यायची वस्तू आहे, हेच स्पर्श शिकवतो. आणि स्पर्शाशिवाय जिव्हाळा निर्माण होतो याचा पुरावा आपल्या कोकणात आहे. मंडणगड तालुक्यातल्या वेळास गावात चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन समुद्री कासवांची घरटी राखली. पूर्वी जी अंडी खाल्ली किंवा विकली जात, ती गावकरीच राखू लागले. पिलं समुद्राकडे जाताना पाहायला माणसं येतात, दोरीच्या अलीकडे उभी राहतात, गावातल्या घरांत उतरतात, जेवतात, आणि त्याचे पैसे त्या घरांना मिळतात. कोणी पिलू उचलून फोटो काढत नाही. तरी त्या पहाटेने अनेकांना आयुष्यभराची ओढ लावली आहे. तसंच बुद्धपौर्णिमेच्या रात्री ताडोबात किंवा मेळघाटात मचाणावर बसणाऱ्यांचं. व्याघ्रगणना २००६ पासून कॅमेरे आणि रेषामार्गांवर चालते, त्या रात्रीच्या नोंदींवर नाही. बसणारा जंगल अनुभवायला बसतो, खात्यालाही ते माहीत असतं, आणि कोणाची फसवणूक होत नाही. पाहुणा पाहुणा म्हणून राहिला तर त्यात काहीच कमीपणा नाही.

राहतो तो सगळ्यात अवघड प्रश्न. छाव्यांचा धंदा उद्या बंद झाला तर आज कुंपणात असलेल्या हजारो सिंहांचं काय, आणि तिथे पोट भरणाऱ्या माणसांचं काय? याला सोपं उत्तर नाही आणि ते असल्याचा दावा कोणी करू नये. चांगल्या आश्रयस्थानांत इतके सिंह मावणार नाहीत. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने नेमलेल्या कार्यगटाने सक्ती न करता पैदास करणाऱ्यांना स्वेच्छेने बाहेर पडण्याचे मार्ग सुचवले, आणि २०२४ मध्ये तो अहवाल स्वीकारला गेला. त्यात पैदास ताबडतोब थांबवणं आणि काही सिंहांना वेदनारहित मरण देणंही आहे. हे वाचताना जीव तुटतो. पण प्रत्येक नवा हंगाम, प्रत्येक नवी तुकडी हा प्रश्न मोठा करते. आज जन्माला न घातलेला छावा उद्या मारावा लागत नाही. तिथल्या कामगारांच्या रोजगाराची जबाबदारी सरकारने आणि त्यांच्या श्रमावर पैसा कमावलेल्या मालकांनी घ्यायची आहे. ती आईपासून तोडलेल्या पिलांवर टाकता येणार नाही.

आपल्याकडून केनिया-टांझानियाला आणि दक्षिण आफ्रिकेला जाणाऱ्यांची संख्या वाढली आहे, आणि पदवीनंतर काही महिने अशा कामाला जावं असं वाटणारी मराठी मुलंही आता भेटतात. त्यांना माझं सांगणं आहे की नाव नोंदवण्याआधी संस्थेला लेखी विचारा: या पिलांची आई कुठे आहे, मागच्या पाच वर्षांतले मोठे झालेले प्राणी कुठे गेले, गेल्या वर्षी किती रानात सोडले, आणि माझ्या पैशांतून कोणाचा पगार होतो. दक्षिण आफ्रिकेतल्या पर्यटन व्यावसायिकांच्या ‘सात्सा’ या संघटनेनेच २०१९ मध्ये वन्यप्राण्यांच्या पिलांना हात लावणं आणि हिंस्र प्राण्यांबरोबर फिरणं या गोष्टी टाळायला सांगितलं आहे. तेव्हा हे विचारताना संकोच नको. उत्तर आलं नाही तर पैसे पाठवू नका. आणि महाराष्ट्रातून आफ्रिकेला गट नेणाऱ्या सहल कंपन्यांना विनंती, की कार्यक्रमपत्रिकेत छाव्यांसोबत फोटो किंवा सिंहासोबत फेरी असं काही असेल तर ते या हंगामापासून काढून टाका, आणि का काढलं हे गटाला सांगा.